कल्याण ते तेर, शाळेच्या मैदानावर: जुना व्यापारी मार्ग मुलांना चालवून शिकवण्याची रीत

सहावीच्या इतिहासात सातवाहन येतात आणि दोन तासिकांत निघूनही जातात. राजधानी पैठण, राणी नागनिका, नाणेघाट, रोमशी व्यापार. मुलं हे शब्द पाठ करतात, रिकाम्या जागा भरतात आणि सुट्टी लागेपर्यंत विसरतात. धडा जिवंत व्हावा म्हणून पहिल्या वर्षी मी एक नाटुकलं बसवलं. फेटे, उपरणी, कापसाच्या दाढ्या, पाठ केलेले संवाद. पालक खूश झाले. पंधरा दिवसांनी वर्गात विचारलं, "कोकणातलं मीठ एवढा घाट चढवून वर का नेत असतील?" एकही हात वर आला नाही. तांड्याचा नायक झालेला मुलगा एवढंच म्हणाला, "आमच्याकडे पोती होती ना, सर." ती पोती मीच वर्तमानपत्राचे बोळे कोंबून फुगवली होती. एका बोटावर उचलता येत होती.

त्यानंतर पोशाख बंद केले आणि पोत्यांत खरं मीठ भरलं. खाली जी रीत सांगतो आहे ती तिथून पुढे, दर वर्षी थोडी थोडी बदलत तयार झाली. सहावी-सातवीच्या पस्तीस-चाळीस मुलांच्या वर्गासाठी पाच तासिका आणि एक शनिवारची सकाळ पुरते.

आधी मार्ग निवडा

व्यापारी मार्ग म्हटलं की मुलं वाळवंट आणि उंट काढतात. रेशीम मार्ग जरूर शिकवावा, पण पहिला खेळ त्यावर नको. ज्या वाटेवरची गावं मुलांनी एसटीच्या पाटीवर वाचली आहेत, ती वाट आधी घ्यावी. माझी निवड ठरलेली आहे: कल्याण, नाणेघाट, जुन्नर, पैठण, तेर.

दोन हजार वर्षांपूर्वी सोपारा आणि कल्याण ही कोकणातली मोठी बंदरं होती. तिथे उतरलेला माल देशावर न्यायचा तर मध्ये सह्याद्रीची भिंत. आजच्या मुरबाड तालुक्यातल्या वैशाखरे गावाजवळून वर चढणारी एक अरुंद खिंड आहे, तो नाणेघाट. वर पोचलं की घाटघर, मग जुन्नर, तिथून पूर्वेला नेवाशाच्या बाजूने पैठण आणि पैठणहून आग्नेयेला, आजच्या धाराशिव जिल्ह्यातलं तेर. घाटाची वाट दगडी पायऱ्यांची आहे, तिथे गाडी चढत नाही. माल जायचा तो बैलाच्या किंवा माणसाच्या पाठीवरून. हे एक वाक्य मुलांना नीट कळलं की अर्धा धडा झाला, कारण वाटेवर पुढे जे काही उभं राहिलं ते या अडचणीतून उभं राहिलं. माल उतरवणं, मोजणं, जकात घेणं, मुक्काम, पाण्याची टाकी, लेणी, सगळंच.

घाटमाथ्यावर दगडात कोरलेला एक रांजण आहे. जकातीची नाणी त्यात टाकत असत, असं सांगितलं जातं, आणि घाटाचं नावही लोक त्या नाण्यांशी जोडतात. मुलांना हा रांजण फार आवडतो. तो खेळात हवाच.

पुराव्याच्या चिठ्ठ्या

पहिली तासिका भूमिकांची नाही, पुराव्यांची. मी जुन्या लग्नपत्रिकांच्या मागच्या कोऱ्या बाजूवर चिठ्ठ्या करतो. प्रत्येक चिठ्ठीवर एक वस्तू किंवा लेख, आणि खाली प्रश्न: यावरून काय कळतं?

एका चिठ्ठीवर पेरिप्लस. हे इसवी सनाच्या पहिल्या शतकातलं ग्रीक भाषेतलं प्रवासपुस्तक, लिहिणाऱ्याचं नाव माहीत नाही. त्यात गुजरातमधलं भडोच बंदर, सोपारा, कल्याण, पैठण आणि तेर ही सगळी नावं येतात, उच्चार थोडे बदलून: पैठाना, तगारा, कल्लिएना. पैठणहून गोमेदासारखे रंगीत दगड जात आणि तेरहून साधं कापड, तलम कापड जाई, असं तो लिहितो. भडोचला येणाऱ्या मालात इटलीची द्राक्षदारू, तांबं, कथील, शिसं, पोवळं आणि काच आहे.

दुसरीवर नाणेघाटातली गुहा. तिथे ब्राह्मी लिपीत, प्राकृत भाषेत नागनिकेचा मोठा लेख आहे. यज्ञ केले, गाई, हत्ती, घोडे आणि कार्षापण नाणी दान दिली, असे त्यात आकडे आहेत. भारतातल्या जुन्यात जुन्या कोरलेल्या अंकांमध्ये या अंकांची गणना होते. समोरच्या भिंतीवर राजघराण्यातल्या माणसांच्या मूर्ती होत्या. आता बहुतेक फक्त पावलं उरली आहेत आणि वर नावं. "पावलं उरली, माणसं गेली" हे एका मुलीने वहीत स्वतःहून लिहिलं होतं.

तिसरीवर तेरला सापडलेली हस्तिदंती स्त्रीमूर्ती. ती तिथल्या लामतुरे संग्रहालयात आहे. तिच्या जातकुळीची एक मूर्ती १९३८ मध्ये इटलीत पॉम्पेई इथे सापडली, आणि पॉम्पेई तर इ.स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसच्या राखेखाली गाडलं गेलं. म्हणजे ती मूर्ती त्याआधी तिथे पोचलेली होती. वर्षांची ही वजाबाकी मुलांकडून करून घ्या, सांगू नका.

चौथी चिठ्ठी मला सगळ्यांत प्रिय आहे. जुन्नरच्या लेण्यांतला एका ओळीचा लेख: "यवनस इरिलस गतान देयधम बे पोढियो." यवन इरिलाचं दान, दोन पोढ्या. यवन म्हणजे तेव्हाच्या भाषेत ग्रीक किंवा पश्चिमेकडून आलेला परदेशी. पोढी म्हणजे कातळात खोदलेलं पाण्याचं टाकं. मी फळ्यावर ओळ लिहितो आणि काही न सांगता विचारतो, यातला कोणता शब्द तुम्ही रोज म्हणता? शांतता असते. मग कुणीतरी पुटपुटतं, "बे... बे एके बे." दोन हजार वर्षांपूर्वीच्या परदेशी माणसाच्या लेखातला "बे" आणि पाढ्यातला "बे" एकच आहे, हे कळतं तेव्हा वर्गात जो आवाज होतो तो ऐकण्यासाठी मी दर वर्षी हा खेळ लावतो.

नियम एकच, पण तो शेवटपर्यंत पाळायचा: जी वस्तू खेळात येईल तिची चिठ्ठी हवी. "हे आपल्याला कशावरून कळलं?" असं कुणीही कुणालाही मध्येच विचारू शकतं. उत्तर "आपण खेळापुरतं ठरवलं" असं असलं तरी चालेल, पण ते उघड सांगायचं. मालाचे भाव आपण ठरवलेले आहेत, रांजणाची गोष्ट ऐकीव आहे, इरिल खरा आहे. हा फरक मुलांना झेपतो. आपण उगाच घाबरतो.

दोऱ्याने अंतर

दुसऱ्या तासिकेला भिंतीवरचा महाराष्ट्राचा नकाशा खाली घ्या. गुजरातचा दक्षिण भाग त्यात दिसत नसेल तर भारताचा घ्या. पेरिप्लसमध्ये लिहिलंय की भडोचपासून पैठण वीस दिवसांच्या वाटेवर आणि पैठणपासून तेर आणखी दहा दिवस. मुलांना दोरा ताणून नकाशाच्या प्रमाणाने अंतर काढू द्या. सरळ रेषेत भडोच–पैठण साधारण साडेतीनशे किलोमीटर भरतं, पैठण–तेर दीडशेच्या आसपास. भागाकार करा. दिवसाला साडेसतरा आणि पंधरा.

इथे घाई करू नका. दोन हजार वर्षांपूर्वीच्या परक्या माणसाने लिहिलेले दिवस आणि आपल्या दोऱ्याचं अंतर जवळपास एकाच चालीवर येतं. हे गणित मुलांनी स्वतः केलं की पुस्तकावरचा त्यांचा विश्वास आणि शंका दोन्ही शहाण्या होतात. वळणं धरली तर चाल थोडी वाढेल, हे कुणीतरी काढतंच. मग त्याच चालीने कल्याण ते जुन्नर किती दिवस, जुन्नर ते पैठण किती, हे मुलं काढतात. आमच्या वर्गाचा हिशोब साधारण असा येतो: कल्याण ते नाणेघाट चार दिवस, घाट ते जुन्नर दोन, जुन्नर ते पैठण दहा, पैठण ते तेर दहा. एकूण सव्वीस.

हेच दिवस मैदानावर मांडायचे. एक दिवस म्हणजे मोठ्या माणसाची चार पावलं. चुन्याच्या फक्कीने वाट आखा आणि प्रत्येक दिवसाला आडवी रेघ मारा. मैदान लहान असेल तर वाट वळवत न्या. घाटासाठी शाळेचा जिना, देवळाच्या पायऱ्या किंवा बांधाचा चढ वापरा. सपाट जमिनीवर घाट करू नका, तिथे सगळं फुकट जातं.

ओझं आणि भाव

सहा मुलांचा एक तांडा. एक सार्थवाह, म्हणजे तांड्याचा पुढारी, एक लेखनिक आणि चार ओझेवाले. चार तांडे केले की चोवीस मुलं झाली. उरलेली मुलं मुक्कामावर: कल्याणचे व्यापारी, घाटावरचे जकातदार, जुन्नरच्या श्रेणी, लेण्यातले भिक्खू, पैठणचे श्रेष्ठी, तेरचे विणकर. श्रेणी म्हणजे एका धंद्यातल्या लोकांची संघटना. जुन्नरच्या लेखांत धान्यवाले, बांबूचं काम करणारे आणि कासार यांच्या श्रेणी येतात. पैठणच्या मुक्कामावर एक सुगंधी द्रव्यांचा दुकानदार ठेवा, कारण पैठणच्या गंधिक घराण्यातल्या मितदेवाचं नाव पितळखोऱ्याच्या लेण्यात कोरलेलं आहे. "श्रेष्ठी"चा "शेठ" कसा झाला, हे जाता जाता सांगून टाका.

पोती घरच्या जाड कापडी पिशव्यांची. मीठ जाडं घ्या, मण्यांसाठी बारीक खडे, कापडासाठी जुन्या साड्या घट्ट गुंडाळून. वजनाची एक मर्यादा पाळा: मुलाच्या स्वतःच्या वजनाच्या दहाव्या भागापेक्षा जास्त ओझं नको. तीस किलोच्या मुलाला तीन किलो. तेवढंही सव्वीस दिवसांच्या रेघा ओलांडताना आणि पायऱ्या चढताना खांद्याला कळतं. ज्या मुलांना दम्याचा त्रास आहे किंवा हात-पाय दुखतोय त्यांना लेखनिक करा, आणि याचं कारण वर्गात सांगू नका.

भाव आम्ही असे ठरवले. मिठाचं पोतं कल्याणला २ नाणी, जुन्नरला ४, पैठणला ६, तेरला ७. काचेच्या मण्यांचं पोतं कल्याणला ५, जुन्नरला ६, पैठणला १०, तेरला १२. कापड तेरला ४, पैठणला ६, जुन्नरला ८, कल्याणला १२. घाटावर जकात: दर दहा नाण्यांच्या खरेदीवर किंवा त्याच्या भागावर १ नाणं. जुन्नर, पैठण आणि तेर या प्रत्येक मुक्कामाला चारा-शिधा म्हणून २ नाणी. प्रत्येक तांड्याला सुरुवातीला २० नाणी. पुठ्ठ्याची गोल नाणी कापून त्यांना काहापण म्हणा, कार्षापणाचा प्राकृतातला उच्चार.

इतर मुक्कामांचे भाव तांड्यांना आधी सांगायचे नाहीत. ज्याने वाट तुडवली त्यालाच भाव कळतो, आणि तीच त्याची खरी कमाई असते.

एका वर्षी एका तांड्याने हुशारी केली. मण्यांना जास्त पैसे मिळणार हे त्यांनी ताडलं आणि चारही पोती मणी घेतले. वीसची वीस नाणी संपली. घाट चढून वर आले तर जकातदार मुलगी रांजणापाशी हात पसरून उभी. दोन नाणी द्यायची, जवळ एकही नाही. पाच मिनिटं घासाघीस झाली. तिने एक पोतं ठेवून घेतलं. त्यांच्या मागून येणाऱ्या तांड्याने तीन पोती मणी आणि एक पोतं मीठ घेतलं होतं. १७ नाणी गेली, ३ उरली, जकात २, हातात १. जुन्नरला शिध्याचे २ हवे होते. त्यांनी मिठाचं पोतं जुन्नरलाच ४ ला विकलं आणि पुढची वाट धरली. तेरला पोचल्यावर त्यांच्या सार्थवाहाने मागे वळून सांगितलं, "सर, मीठ विकायला नव्हतं घेतलं. वाटेला पुरावं म्हणून घेतलं होतं." मीठ घाट का चढत असे, या माझ्या पहिल्या वर्षीच्या प्रश्नाला इतकं चांगलं उत्तर मला स्वतःलाही सुचलं नव्हतं.

शनिवारची सकाळ

सकाळी लवकर सुरू करा, ऊन चढायच्या आत. तांडे पाच-पाच मिनिटांच्या अंतराने सोडा, नाहीतर घाटावर गर्दी होते. पायऱ्यांवर एका वेळी दोनच ओझेवाले आणि पळणं बंद, हे आधीच पक्कं करा. तिथे एक मोठं माणूस उभं हवं.

कल्याणपासून घाटाच्या पायथ्यापर्यंत शाळेची ढकलगाडी वापरता आली तर उत्तम. सगळी पोती गाडीत, मुलं खुशीत. पायथ्याशी गाडी थांबते आणि पोती खांद्यावर घ्यावी लागतात. काही बोलायची गरज पडत नाही.

वाटेत नशिबाच्या चिठ्ठ्या ठेवा, प्रत्येक टप्प्यात एक उचलायची. बैल लंगडला, एक पोतं दोघांनी मिळून न्या. अवकाळी पाऊस, मीठ भिजलं, एक पोतं निम्म्या भावाने जाईल. लेण्यातल्या टाक्याला पाणी आहे, या मुक्कामाचा खर्च १ नाण्याने कमी. ही शेवटची चिठ्ठी निघाली की इरिलाची आठवण करून द्या. परदेशी व्यापाऱ्याने पाण्याचं टाकं का खोदून दिलं असेल, हा प्रश्न तहानलेल्या मुलाला विचारावा.

लुटारू मी ठेवत नाही. ठेवले की बाकी सगळं विसरून मारामारीच लक्षात राहते.

मधल्या सुट्टीत डबा वाटेवरच, जुन्नरच्या मुक्कामावर खातो. तोही खेळाचा भाग. आदल्या दिवशी सांगायचं: दोन हजार वर्षांपूर्वी इथे नसलेला पदार्थ डब्यात नको. मिरची, बटाटा, टोमॅटो, शेंगदाणे, मका, हे सगळं अमेरिका खंडातून आलं, आपल्याकडे पोर्तुगिजांनंतर. घरोघरी यावरून गोंधळ उडतो. एका आजीने विचारलं म्हणे, "ठेच्याशिवाय भाकरी घशाखाली कशी उतरवायची?" आणि मग तिनेच मिरे कुटून तिळाची चटणी करून दिली. ज्वारीची भाकरी, कुळथाचं पिठलं, तिळाची चटणी, ताक. त्या आजीचं नातवंड वर्गात सांगत होतं की मिरे आणि पिंपळी पेरिप्लसमधल्या मालातही आहेत.

बंदर बंद

दुसरी फेरी पुढच्या तासिकेला, वर्गातच, नकाशावर खेळली तरी चालते. तांडे तेरहून कापड घेऊन परत निघालेत, बारा नाण्यांच्या भावावर डोळा ठेवून. जुन्नरला पोचले की मी घोषणा करतो: कल्याण बंद.

ही घोषणा मनची नाही. पेरिप्लसमध्ये आहे की एका सातवाहन राजाच्या काळात कल्याण हे रीतसर बंदर होतं, पण सत्ता बदलल्यावर तिथे अडथळा आला, आणि चुकून ग्रीक जहाज आलंच तर पहाऱ्यात भडोचला नेत. त्या काळी सातवाहन आणि क्षत्रप, म्हणजे पश्चिमेकडचे शक राज्यकर्ते, यांच्यात या मुलखासाठी झगडा चालू होता.

आता तांड्यांनी काय करायचं? जुन्नरलाच पडेल भावाला विकायचं, थांबायचं, की पैठणला मागे फिरून वीस दिवसांची भडोचची वाट धरायची? पेरिप्लस म्हणतो की पैठणचा माल भडोचला गाड्यांतून जाई. म्हणजे तिकडे लांबी जास्त, पण चाकं चालतात. हा निर्णय तांड्याने आपसात बोलून घ्यायचा, मी गप्प बसतो. लढाईचे निकाल मुलं लवकर विसरतात, पण एका राजाच्या भांडणाने जुन्नरच्या शिधेवाल्याचं गिऱ्हाईक तुटतं, हे त्या दिवशी जुन्नरच्या मुक्कामावर रिकामं बसलेलं मूल विसरत नाही.

यवन, दुभाष्या आणि काही नाजूक गोष्टी

कल्याणच्या बंदरावर दोन यवन व्यापारी ठेवा. त्यांनी फक्त खुणांनी बोलायचं. आमच्या वर्गात दर वर्षी बाहेरच्या राज्यातून आलेली एक-दोन मुलं असतात, आणि त्यांनाच यवन करण्याचा मोह होतो. तसं करू नका. त्यांना दुभाष्या करा. दोन भाषा येणाऱ्याशिवाय बंदर चालत नाही, हे सगळ्यांना दिसलं पाहिजे. शिवाय जुन्नरचे यवन स्वतःच्या नावाने प्राकृतात दान लिहवतात. ते इथे राहिले होते, इथल्या बौद्ध भिक्खूंच्या संघाला दान देत होते. हेही सांगा.

भूमिका चिठ्ठ्या टाकूनच वाटा. आडनाव पाहून धंदा ठरवला, किंवा धट्टीकट्टी मुलं ओझ्याला आणि चुणचुणीत मुलं हिशोबाला असं केलं, तर नकळत आपण वेगळाच धडा शिकवून बसतो. मुलींना सार्थवाह करताना कुणी विचारलं तर नाणेघाटाचा लेख राणीचा आहे हे सांगा. लेण्यांच्या दानलेखांत बायकांची नावंही पुष्कळ आहेत.

पेरिप्लसमध्ये राजासाठी आणलेल्या मालात गाणारी मुलं आणि सुंदर मुली यांचाही उल्लेख येतो. हे मी लपवत नाही आणि खेळातही घेत नाही. वर्गात बसून, शांतपणे सांगतो की त्या वाटेवर माणसंही विकली जात होती. भिक्खूंच्या भूमिकेत चेष्टा होऊ नये म्हणून त्यांना काम नेमून द्या: पाणी देणं, मुक्कामाची जागा देणं, दान नोंदवणं.

वर्गात लमाणांच्या वस्तीवरची, म्हणजे आजच्या अर्थाने तांड्यावरची, मुलं असतील तर त्यांच्या आजी-आजोबांना शाळेत बोलवा. लमाणांची बैलांवरची लदेणी सातवाहनांनंतर कित्येक शतकांची, काळ वेगळा, हे मुलांना स्पष्ट करा. पण गोणी बैलाच्या दोन्ही बाजूंना कशी तोलायची, बैलाची पाठ सोलू नये म्हणून काय घालायचं, रात्री गोण्या कशा रचायच्या, हे त्यांनी आपल्या वडीलधाऱ्यांकडून ऐकलेलं असतं. आमच्याकडे एका आजोबांनी दोन पोती आणि एक बाक घेऊन हे करून दाखवलं. एक पोतं हलकं ठेवलं तेव्हा बाक कलला. मुलं खाली वाकून बघत होती.

नाशिकचं व्याज

गणिताच्या तासाला हे जोडून घ्या. नाशिकच्या पांडवलेण्यात क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्याने गोवर्धनच्या विणकरांच्या श्रेणीकडे २००० कार्षापण ठेवले, दरमहा शेकडा एक व्याजाने. मुद्दल काढायचं नाही, व्याजातून लेण्यातल्या वीस भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी १२ कार्षापण द्यायचे. मुलांना सांगा, हिशोब बरोबर आहे का ते तपासा. महिन्याला वीस, वर्षाला दोनशे चाळीस, भागिले वीस. बारा. तंतोतंत. दुसऱ्या श्रेणीकडे १००० ठेवले, शेकडा पाऊण दराने. त्याचं वर्षाचं व्याज मुलांनी काढावं. विणकर कापड विणत होते आणि बँकही चालवत होते, हे सांगायला आणखी काही लागत नाही.

दानलेख

शेवटची तासिका मातीची. प्रत्येक तांड्याने नफ्यातला काही भाग दान द्यायचा आणि त्याचा लेख चिकणमातीच्या पाटीवर कोरायचा. कोण, कुठला, धंदा काय, दान काय. चार गोष्टी, एक ओळ. ब्राह्मीचा तक्ता भिंतीवर लावा. ती मुलांना अवघड जात नाही: क म्हणजे अधिकचं चिन्ह, र म्हणजे उभी रेघ, ठ म्हणजे वर्तुळ, त्या वर्तुळात टिंब दिलं की थ. अंकांत एक म्हणजे एक आडवी रेघ, दोन म्हणजे दोन. सगळं नाव ब्राह्मीत जमलं नाही तरी पहिलं अक्षर जमतंच.

गुण द्यायचे तर नफ्याला देऊ नका. मी तीन गोष्टी पाहतो. लेखनिकाची वही: कुठे काय घेतलं, विकलं, कशात गेलं. एका निर्णयाचं कारण मुलाला स्वतःच्या शब्दांत सांगता येतं का. आणि खेळात वापरलेल्या तीन वस्तूंपुढे "पुरावा आहे", "ऐकीव" किंवा "आपण ठरवलं" यांतलं बरोबर काय ते लिहिता येतं का. तिसरा प्रश्न जड आहे. त्यालाच जास्त गुण.

जुन्नर जवळ असेल तर यानंतर नाणेघाट दाखवा, आधी नव्हे. घाटघरच्या बाजूने गाडी माथ्यापर्यंत जाते. वैशाखऱ्याकडून चढायचं तर सोबत मोठी माणसं पुरेशी हवीत आणि पावसाळ्यात दगड फार निसरडे होतात. लेखाला हात लावायचा नाही, त्यावर खडू फिरवायचा नाही. दूरच्या शाळांनी आपली वाट शोधावी. बोरघाटाकडे भाजे आणि कार्ले आहेत, कन्नडकडे पितळखोरा, आणि कोल्हापुरात ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेली पोसायडनची छोटी कांस्यमूर्ती.

सुकलेल्या पाट्या भाजू नका. खोक्यात भुसा घालून ठेवा, वर्षभरात काही तडकतील, काहींचे कोपरे जातील. पुढच्या जूनमध्ये नव्या वर्गाला पुराव्याच्या चिठ्ठ्या द्यायच्या आधी त्या तुटक्या पाट्या बाकांवर मांडा आणि विचारा: हे कोण होते, कुठून आले, आणि यांनी काय दिलं?